बंपरमागचा फोम

देशकर काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या गेटवर पास दाखवत होतो. आज पाच आठवडे झाले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. काटोलहून दूर हिंदी मुलखात, पिपलानीच्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या काका-काकूंनीच मला इथे रुजवलं. काकांची नोकरी डिस्पॅच विभागात, मोठाली यंत्रं पॅक करण्यात गेली. निवृत्तीनंतर घेतलेली गाडी ही त्यांची एकुलती एक चैन. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते काकूंना बिट्टन मार्केटला भाजीला न्यायचे.

बायकोला कळा सुरू झाल्या त्या दिवशी काकू बहिणीकडे अमरावतीला होत्या. काकांनी न मागता किल्ली हातात दिली. साकेत नगरच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि त्याच आनंदात परतताना मी गाडी आमच्याच फाटकाच्या खांबावर घातली. बंपर फुटला. मी काकांपुढे मान खाली घालून उभा...

“बाळंतीण कशी आहे ते सांग आधी,” काका म्हणाले. “काकूंचं मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने बंपरचं फुटलेलं कव्हर उतरवलं. आतला फोम चेपून तडकला होता, तो त्याने कोपऱ्यात भिरकावला. “फोम-वोम छोड़ो साहब, दिखता किसको है?”

“दिखाने के लिए थोड़े ही है, भैया,” काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “वरचं प्लॅस्टिक नुसतं शोभेचं. मार हा खातो. हा चेपतो म्हणून मागची लोखंडी पट्टी आणि रेडिएटर वाचतात. आणि कुणी माणूस पुढ्यात आलाच, तर त्याच्या पायाला लोखंडाआधी हा लागतो. शिफ्ट सुटल्यावर गेटवर किती माणसं असतात, बघतोस ना? एकदा चेपला की त्याचं काम संपलं. नवाच घालायचा.” नवा फोम येईपर्यंत तीन दिवस त्यांनी गाडी गॅरेजमधून हलवू दिली नाही.

त्यानंतर मात्र काकांनी गाडी चालवणं सोडलं. “डॉक्टर म्हणतात, पायी फिरा,” एवढंच सांगायचे. बाजारात मीच नेऊ लागलो. उपकारांची थोडी तरी फेड होतेय, असं वाटून मी खूश होतो.

परवा काकूंकडे बसलो होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “शेवटची दोन वर्षं नजर अधू झाली होती रे यांची. मी अमरावतीला गेले आणि यांनी गाडी खांबाला ठोकली. स्वतःच सांगितलं मला, खांब दिसलाच नाही म्हणून. तेव्हापासून मी किल्लीच दिली नाही. खूप बोलले त्यांना...”

गप्प राहिलो असतो तर कुणालाच कळलं नसतं.

“काकू, ती मी ठोकली होती.”

त्यांनी पोर्चमधल्या गाडीकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“रोज सकाळी गाडी पुसायचे,” त्या हळूच म्हणाल्या. “मी इथे चहा घेत बसायची. एकदाही म्हणाले नाहीत रे, मी नाही ठोकली म्हणून...”

बाहेर आलो. काकांचा पिवळा फडका पोर्चच्या जाळीवर तसाच होता, चार घड्या घातलेला. मी तो ओला केला आणि गाडी पुसायला लागलो. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.


“काचेपासून सुरू कर,” त्या म्हणाल्या. “ते तसंच करायचे.”