वसुबारसेला गौरी कुरणात नव्हती

मंडळी, आज वसुबारस. दरवर्षीप्रमाणे इथल्या ब्रॉसार्ड शहरातून ड्राइव्ह करून आम्ही दोघं आमचं ऑर्गॅनिक दूध जिथून येतं त्या फार्मवर गौरीला ओवाळायला गेलो.

गौरी कुरणात नव्हती. “यंदा गाभण राहिली नाही,” मालक म्हणाला आणि प्रेमाने फ्रीझरमधलं पाकीट पुढे केलं. “ग्रास-फेड! तुमची लाडकी, म्हणून तुमच्यासाठी ठेवलं.”

जुन्या संस्कृतात पाहुण्याला ‘गोघ्न’ म्हणत, म्हणजे ज्याच्यासाठी गाय मारतात तो. परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी होते. अर्थ आज कळला.

परतताना मी मालकाला कसाई म्हणालो. बायको म्हणाली, “अहो, दरवर्षी वासरू झालं नाही तर दूध कुठून येणार? आणि ते पितं कोण?”

वसुबारसेला आम्ही दूध घेत नाही, म्हणून आजचं निभावलं. उद्या सकाळच्या चहाचं काय करावं?