राब कुणीकडून पेटवला

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. अक्षर वाकडं असलं तर असू द्या. बायकोशी मी एक खोटं बोललो, ते कागदावर उतरवायचं आहे.

शिनोलीच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची भाताची खाचरं. पोरगा चाकणला कंपनीत, पोरगी वारूळवाडीला दिलेली. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी भाकरी खाताना टीव्हीवर एक हिंदी सिरीयल लागायची, इंग्रजाच्या काळातली. काळी टोपी घातलेला गुप्तहेर, घोडागाडी, कंदील आणि दर खेपेला एक मुडदा. हिला हिंदी निम्मंच कळायचं, पण खुनी ती माझ्या आधी धरायची.

मी म्हणायचो, "आंधळ्याचा नेम."

"आंधळा दर आठवड्याला नेम धरतोय व्हय?"

'तुझं बरोबर' असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. माझ्या बापानं बायकोपुढं कधी हार मानली नाही, मग मी कशाला मानू, एवढीच माझी अक्कल.

मग तो भाग लागला. भाताच्या मुलखातला कुणी जमीनदार मरतो. पुतण्या गुप्तहेराला सांगतो, मी सकाळपासून शेतात राब भाजत होतो. दाखवलंही तसंच. शेण, पाला, गवत पसरलेलं, पुतण्या काडी लावतो आणि जाळ भडकून पार पलीकडं जातो.

ही हातातला घास तसाच धरून म्हणाली, "ह्योच हाय."

"कशावरनं?"

"राब कुणीकडून पेटवला बघा की! वाऱ्यासंगं पेटवलाय."

रोपासाठी जमीन भाजायची तर जाळ वाऱ्याच्या तोंडाकडं सरकला पाहिजे. मग तो रांगत जातो आणि खालची माती नीट भाजते. वाऱ्यासंगं पेटवला की वरचं गवत भुर्रकन जळतं, माती कच्चीच राहते. आमच्याकडं ही चूक कुणी करायचं नाही.

"त्याला माती न्हाई भाजायची," ती म्हणाली, "त्याला कायतरी जाळून टाकायचंय. रगताची कापडं असत्याल."

"आगं, शहरातली माणसं शूटिंग करत्यात. त्यांना काय ठावं राब? खून गड्यानं केलाय. सुरा त्याच्याच खोलीत घावला."

"सुरा कुणीबी ठेवील."

"मग लाव पैज."

"पैज लावून काय करू? तुमी हरलाव तरी कबूल कुठं करता!"

तेवढ्यात लाईट गेली. दोन दिवस आलीच नाही. शेवट राहिला.

त्याच दोन दिवसांत तिचं पोटाचं दुखणं वर आलं. ते लई दिवसांचं होतं, तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पोरानं पुण्याला दवाखान्यात नेलं. म्हशीसाठी मी एक दिवस घरी, एक दिवस तिकडं असा करत होतो. अशाच एका दुपारी घरी टीव्ही लावला तर तोच भाग पुन्हा लागलेला. गुप्तहेरानं काठीनं राख उकरली. खाली माती कच्ची, आणि त्यात जमीनदाराच्या कोटाचं पितळी बटण. पुतण्याच निघाला. मला त्या टोपीवाल्याचाच राग आला. टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. हातातनं बांगड्या गळायला लागल्या म्हणून पोरीनं त्या दोऱ्यानं बांधल्या होत्या.

"अवं, लाईट आली का?"

"आली की."

"मग त्या राबाचं काय झालं? परत लागलं का?"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा कान देऊन होती. खरं ओठावर आलं होतं. पण जीभ जन्माची वाकडी.

"लागलं. गडीच निघाला."

"गडी? मग राब उलटा का पेटवला?"

"शूटिंगवाल्यांची चूक. मी म्हणलो नव्हतो?"

तिनं बांधलेल्या बांगड्या वर सरकवल्या. मग हसली. "बरं झालं. एकदा तरी जिंकलात."

म्हटलं, घरी आली की सांगू, चुलीपाशी बसून, हसत. चौथ्या दिवशी ती घरी आली ती गाडीत आडवी.

दहाव्याला घोड नदीवर पिंड ठेवला. जांभळावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, आबांना मी बघीन." पोरगी म्हणाली, "तुझी म्हस इकू देणार न्हाई." तरी कावळा शिवेना. ऊन चढलं. मेव्हणा जवळ येऊन म्हणाला, "दाजी, तुमच्याकडनं काय राहिलं आसंल तर बोला."

सगळी भावकी माझ्या तोंडाकडं बघत होती. काय राहिलंय ते मला एकट्याला माहीत होतं. पण एवढ्या लोकांत सिरीयलमधल्या पुतण्याचं नाव घ्यायचं? हसतील. आणि नुसतं 'तुझं बरोबर होतं' म्हणावं तर, कशात, ते विचारतील. मी हात जोडले आणि म्हणालो, "काय राहिलं न्हाई."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक जेवायला गेले. जांभळावरचे कावळे तिथंच बसून होते.

यंदा वैशाखात राब भाजायला एकटाच गेलो. दरसाल ती चिमूटभर माती उचलून सोडायची आणि म्हणायची, "इकडनं लावा." मी माती सोडली. वारा कुठला ते कळेना. पुन्हा सोडली. मग पलीकडं जाऊन काडी लावली. जाळ वाऱ्याच्या तोंडाला लागला आणि हळूहळू सरकायला लागला.

तिथं उभा राहून म्हणालो, "पुतण्याच व्हता. तुझं बरोबर व्हतं."

आवाज मोठा निघाला असणार. शेजारचा खाचरवाला बांधावर येऊन उभा राहिला.

"कुणाशी बोलताय, भाऊ?"

"बायकोशी," मी म्हणालो. "तिचं बरोबर व्हतं. मी तिला खोटं सांगितलं."

 त्यानं ऐनाच्या झाडाची ओली फांदी मोडून घेतली आणि बांधाकडं येणारा जाळ झोडपत राहिला. राब दुपारपर्यंत जळत होता. नंतर उकरून बघितलं. माती आतपर्यंत भाजली होती.