खडूबाईंचा जिना

खडूबाईंनी आमच्या नकाशावर कधी लाल पेन्सिल चालवली नाही. नकाशा बगलेत मारायचा, गच्चीवर जायचं आणि खडूने ते घर जमिनीवर खऱ्या मापात आखायचं, ही त्यांची रीत. ठिकरीचा डाव मांडावा तशा ओणव्या होऊन आखायच्या. मग ज्याने नकाशा काढला त्याला म्हणायच्या, "चला, राहायला या." नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला आमच्या आर्किटेक्ट सरांचं ऑफिस होतं. बाई तिथल्या मुख्य, आणि हाताखाली आम्ही तिघं: खारीचाच म्हात्रे, मराठवाड्यातून आलेला गायकवाड आणि मी. तोंडावर बाई, मागे खडूबाई. त्यांना ते नाव माहीत होतं आणि आवडतही असावं.

मी डिप्लोमाला पहिली आलेली, त्यामुळे नाक वर. माझा पहिला वन-रूम-किचन गच्चीवर उतरला तेव्हा बाईंनी मला खडूच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. "कणीक मळ." मी हवेत मळायला लागले. "गायकवाड, फ्रिज उघडा." गायकवाडने हवेतलं दार ओढलं आणि ते थेट माझ्या कपाळावर. "म्हात्रे, तुम्ही नवरा. ऑफिसला उशीर झालाय, डबा घ्या." म्हात्रे आला, पण यायला जागा कुठे होती? तिघं एकमेकांत अडकलो आणि ते दोघं खदाखदा हसायला लागले. मी तणतणत म्हटलं, "पण बाई, नियमात बसतंय!" त्या शांतपणे म्हणाल्या, "नियमात बसतंय गं. माणूस बसत नाहीये."

शनिवारी दुपारी हा कार्यक्रम ठरलेला. त्याचा कायदा एकच: ज्याचा नकाशा त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी भडाभडा सांगायचं, त्याने ऐकायचं, आणि सगळ्यांचं संपलं की एवढंच विचारायचं, "अजून?" हा शब्द म्हणायला मला पहिल्या महिन्यात जिवावर यायचं. 'छान' म्हणायला बंदी होती. "छान म्हणायला शेजारी आहेत. ते वास्तुशांतीला जेवून जातात. तुम्ही चूक सांगा."

आणि बाईंचे स्वतःचे नकाशेही त्याच गच्चीवर यायचे, हे महत्त्वाचं. एकदा म्हात्रे त्यांच्या बाथरूममध्ये उभा राहिला, अंग चोरून गोल फिरला आणि म्हणाला, "बाई, हितं बादलीला जागा हाय, मानसाला न्हाय." बाईंचे कान लाल झाले होते, पण आवाज नेहमीचा. "अजून?" मग चपलेने त्यांनी ती भिंत पुसली आणि नवीन आखली. पुढे मी पुष्कळ मोठी नावं असलेली माणसं बघितली. चूक ऐकून घेताना भलेभले गुरगुरतात.

पण ऐकणं आणि मानणं यांत त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक. "ऐकायचं सगळ्यांचं. बदलायचं ते पटलं तरच. मग समोर ब्रह्मदेव का असेना." हे त्यांनी भाईंदरच्याच इंद्रलोक वसाहतीच्या बाजूच्या एका इमारतीपायी खरं करून दाखवलं. चार मजले, लिफ्ट नाही. नकाशा बाईंचा. गच्चीवर त्यांनी जिना आखला, गायकवाडला मोठ्या ड्रॉइंग बोर्डावर आडवं झोपवलं आणि आम्हाला सांगितलं, "उचला. रेषेवर पाय न देता खाली उतरवा." जिना वळतो त्या चौकोनात, लँडिंगवर, बोर्ड अडकला. गायकवाड ओरडला, "अहो पाडाल!" बाईंनी लँडिंग रुंद केलं, आणि तो वळेपर्यंत करत राहिल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरातलं काही बोलल्या. मीरा रोडला त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या. सासरे गेले तेव्हा तिरडी जिन्यात वळेना. शेवटी त्यांना खुर्चीला बांधून बसवून उतरवलं. "मान सारखी पुढे पडत होती. माझे यजमान ती धरून उलटे उतरत होते," बाई म्हणाल्या. "कुणातरी आपल्यासारख्यानेच काढला असेल ना तो जिना?"

बिल्डर शेठला ते लँडिंग दिसलं आणि तो उखडला. वीतभर कमी करा, ती जागा फ्लॅटमध्ये घाला. बाई म्हणाल्या, माणूस आडवा उतरणार नाही. शेठ हसला. "अरे मॅडम, मरने के लिए फ्लॅट कौन लेता है?" "जीने के लिए ही लेते हैं, शेठ. इसलिए बीमार आदमी को स्ट्रेचर पे उतारना पडता है." शेठने टेबलावर हात आपटला: जिना कापा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. सरांचा चेहरा पडला, कारण ऑफिस त्या एका कामावर चाललं होतं. आणि बाई आम्हा सगळ्यांसमोर ठणकावून म्हणाल्या, "माझ्या टीममधला कुणीही हा जिना कापणार नाही."

मी गायकवाडकडे बघितलं. त्याच्या घरी आईवडील, दोन बहिणी, आणि पगार आणणारा हा एकटा. तो खाली मान घालून पेन पुसत होता.

शनिवारी बाई गच्चीवर आल्या, पण कुणीच नकाशा आणला नव्हता. मी म्हटलं, "बाई, आज तुमची पाळी." आणि सुरूच झाले. "फ्रिजचं दार कुठे उघडावं ते तुम्ही आम्हाला विचारता. आणि आमच्या नोकऱ्यांचं परस्पर ठरवून टाकलंत? गायकवाडचं घर कसं चालतं, माहीत आहे ना तुम्हाला?" गायकवाड चाचरत म्हणाला, "मी तुमच्याच बाजूचा होतो, बाई. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

कायदा त्यांचाच होता, त्यामुळे मध्ये बोलता येईना. "अजून?" हा शब्द त्या दिवशी फार उशिरा आला आणि घोगरा आला. मग त्या म्हणाल्या, "चुकले. अगदी चुकले." पदराने चष्मा पुसला. "आता विचारते. जिना कापायचा का?"

"न्हाय," म्हात्रे म्हणाला. मीही नाही म्हटलं. गायकवाडने जरा वेळ घेतला. त्याने वेळ घेतला म्हणूनच त्याच्या 'नाही'ची किंमत मला जास्त वाटते.

सोमवारी आम्ही तिघांनी सरांना तोंडावर सांगितलं. सर भडकले. "मग मीच करतो!" म्हणून स्वतः बोर्डावर बसले, ब्लेड घेऊन ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडायला लागले. नवी रेघ मारली, मागे सरकून बघितलं आणि सवयीने बोलून गेले, "बघा रे जरा." म्हात्रेने बघितलं. "सर, मानूस न्हाय उतरनार." सरांनी ब्लेड टेबलावर टाकलं आणि शेठला फोन लावला.

दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी शेठने जिना मान्य केला, एका अटीवर: ती बाई मला परत दिसता कामा नये. सर मान खाली घालून बाईंना सांगायला आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "जिना राहिला ना? मग बस झालं." मी रडून म्हटलं, मीही राजीनामा देते. तर खेकसल्या माझ्यावर: "वेडी आहेस का? तू गेलीस तर यांना चूक कोण सांगणार?" बाई नाशिकला गेल्या. काही वर्षं दिवाळीला पत्र यायचं. मग एकदा त्यांच्या मुलाचं आलं.

ती इमारत अजून उभी आहे. गेटवर शेठचं नाव संगमरवरात कोरलंय, आणि मला त्याचा भयंकर राग येतो. मागे तिकडून जात होते तर दारात ॲम्ब्युलन्स. दोघं जण एका आजोबांना स्ट्रेचरवरून आडवं उतरवत होते आणि आजोबा जिवंतपणी त्यांना झापत होते, "हळू रे, माझं घर आहे हे!" गाडी गेली. मी वॉचमनला म्हटलं, "ये सीढी हमारी बाई ने बनाई." तो म्हणाला, "कौन बाई?" मला घाई होती, साइटवर माणसं खोळंबली होती. खोळंबू देत. मी तिथेच पायरीवर बसले आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.