माया न सोडता

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाई. नवा माणूस हमखास फसायचा, "दोघंही शाळेत का हो?" म्हणून विचारायचा. शाळेत जायच्या त्या फक्त बाई, बालवाडीत. मास्तर आपले टेलरमास्तर. बाई चारचौघांत सांगायच्या, "मी पोरांना वळण लावते, हे कॉलरला लावतात. माझी पोरं तरी ऐकतात!" आणि मास्तर सगळ्यांच्या आधी हसायचे.

बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मास्तरांनी दुकान बंद केलं, मशीन तेवढं घरी आणलं आणि मुला-सुनेजवळ राहू लागले. तक्रारीला जागा नव्हती. पण एक गोष्ट त्यांना आतून खात होती, आणि ती एका दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी सुनेला सांगून टाकली.

"सूनबाई, हिचा आवाज आठवत नाही गं मला. काय बोलायची ते शब्दन् शब्द आठवतं. आवाज येत नाही. चेहरा फोटोत सापडतो, आवाज कुठं शोधू?"

सून लग्न होऊन आली तीच मुळी बाई गेल्यानंतर. तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पण तिनं ते कानाआडही केलं नाही. बाईंची बालवाडी नव्या इमारतीत हलत होती, जुन्या कपाटातलं सामान बाहेर निघत होतं, तिथं ही जाऊन उभी राहिली. सगळ्यांना विचारून विचारून भंडावून सोडलं आणि ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली एक रेकॉर्ड. मुलांच्या कवायतीची. संस्थेनं कधीकाळी काढलेली, आवाज बाईंचा. एवढी एकच उरली होती.

मास्तरांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि वरचं बाईंचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं.

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली आला. बटण दाबलं तर आत नुसती घरघर, थाळी जागची हलेना. मास्तरांनी थाळी उचलली. मोटरची छोटी कप्पी आणि थाळी यांना जोडणारा रबरी पट्टा पार विरघळून डांबर झाला होता.

"दुकानात देऊ या का, बाबा?" सुनेनं विचारलं.

"काही नको. जन्मभर लोकांच्या कमरेला पट्टे बसवले मी. ह्याची कमर ती केवढी!"

मग काय, चष्मा नाकावर आणि टेप गळ्यात! स्पिरिटच्या बोळ्यानं डांबर पुसून काढलं. मोटरच्या दांड्याला मशीनचंच तेल दिलं. सुई पार झिजली होती, ती सुनेनं नवी मागवून दिली. आणि पेटीतलं बारीक इलॅस्टिक मापून मास्तरांनी स्वतःच्या हातानं पट्टा शिवला. थाळी फिरली! मास्तरांची छाती अशी फुगली की विचारू नका.

पण बाईंची रेकॉर्ड लावायचा त्यांना धीर होईना. सुई उडाली, ओरखडा पडला, तर बाईंचा आवाज दुसऱ्यांदा जायचा, आणि तो कायमचा. म्हणून आधी घरातली एक जुनी गाण्यांची रेकॉर्ड लावून पाहिली. गाणारा बरा चालला होता, पण दर थोड्या वेळानं त्याला आपली उचकी लागे.

"कोणीतरी आठवण काढतंय बिचाऱ्याची," सून म्हणाली. मास्तर हसले नाहीत. पुन्हा तेल दिलं, पुन्हा थाळी पुसली, प्लेअरखाली कापडाच्या घड्या घातल्या. उचकी काही थांबेना.

शेवटी सुनेनं थाळी काढून ठेवली, पट्टा हातात घेतला आणि त्यावरून अलगद बोट फिरवलं. "बाबा, इथं गाठ लागते बोटाला."

"गाठ नव्हे ती," मास्तर दुखावून म्हणाले. "माया आहे. दोन्ही टोकं एकावर एक घेतली की माया सुटणारच."

"मग तीच अडखळतेय कप्पीवर. माया सोडू नका."

शिंप्याला असं सांगायचं म्हणजे काय! शिवणीच्या आत चार बोटं कापड जास्त ठेवायचं, उद्या पोर वाढलं तर उसवून सैल करता येतं. गल्लीतली निम्मी पोरं ह्या मायेवर वाढली होती. मास्तरांचा हात आजवर कधी माया न सोडता चाललाच नव्हता. "अगं, टिकायचं नाही ते," ते पुटपुटले. पण पट्टा उसवला. टोकं तिरकी कापली, काठाला काठ भिडवला, केसासारख्या दोऱ्यानं टाके घातले आणि वर गोंदाचा हात फिरवला. बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही.

गाणारा सरळ गायला. उचकी गेली.

मग बाईंची रेकॉर्ड. मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला, तशी सुनेनंच सुई टेकवली. जरा खरखर झाली.

"मुलांनो, उभे राहा!"

मास्तर ताडकन उभे राहिले. तोच आवाज. थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी जरासा वर जाणारा. अरे, हा कसा विसरलो मी? विसरलोच कसा?

"हात वर! अजून वर. आळस नको."

मास्तरांचे हात वर गेले. उजवा खांदा धरलेला, तो अर्ध्यावरच अडला, पण गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा, बसा ना. पाय दुखतील."

"थांब गं. तिनं अजून सांगितलं नाही."

सुनेनं आपलेही हात वर केले. दोघांनी सगळी कवायत केली, उजवीकडे, डावीकडे, वाका, सरळ व्हा. मग आवाज एकदम मऊ झाला.

"शाब्बास. दमलात ना? बसा आता."

मास्तर खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी सुनेपुढे हात जोडले. "पोरी, तुझे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार काय, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "इतकी वर्षं मी ह्या घरात बिनसासूची होते. आज भेटल्या. आणि भेटल्या भेटल्या कामाला लावलं!"