आमच्या पार्श्वनाथांचे फणे

वळ गावातल्या गोदामात माल मोजून घेणं हे माझं काम. बावीस वर्षांत माझी मोजणी चुकलेली नाही, असं मी घरी वरचेवर सांगतो. कोणी विचारत नाही, तरी सांगतो.

मागे एका रविवारी टेमघरला जैन धातुमूर्तींवर व्याख्यान ऐकलं. मेणाच्या मूर्तीवर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे तशीच दुसरी मूर्ती होत नाही. तीर्थंकरांचे चेहरे मात्र सारखेच शांत. ओळखायचं ते पीठावरच्या चिन्हावरून. डोक्यावर नागाचे सात फणे असले तर बहुधा पार्श्वनाथ, पाच असले तर सुपार्श्वनाथ. हे मी वहीत उतरवून घेतलं.

घरी येऊन थेट देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. आमची मूर्ती वीतभर, पणजोबांच्या वेळची. रोजच्या अभिषेकानं तिचं नाक आणि पीठावरचं चिन्ह झिजून सपाट झालंय. मी फणे मोजले. पाच. पुन्हा मोजले. पाचच.

आई शेजारी खुर्चीवर माळ ओढत होती.

"आई, हे पार्श्वनाथ नाहीत. सुपार्श्वनाथ आहेत."

माळ थांबली. लग्न होऊन आल्यापासून ती या मूर्तीसमोर पार्श्वनाथांचं नाव घेते. आता नजर अधू झाल्यानं अभिषेक माझी बायको करते.

"म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच नावानं हाका मारल्या?"

मी वही उघडून समजावू लागलो. तिचं बोट त्याच मण्यावर होतं.

बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, बाहेर काढून मोजा. आधी आंघोळ करा."

आंघोळ केली, धूतवस्त्र नेसलो, मूर्ती बाहेर काढली. सात. कडेचे दोन फणे देव्हाऱ्याच्या चौकटीआड जात होते. सुताराला चौकटीचं माप मीच दिलं होतं. मूर्तीच्या खांद्यांचं, मिलिमीटरमध्ये.

"सात आहेत," मी म्हणालो.

"नीट मोजलेस?"

"हो."

"मघाशीही नीटच मोजले होतेस." आईनं बायकोकडे तोंड वळवलं. "तू सांग गं."

"सातच आहेत, आई. मी रोज पुसते ना."

आईनं मान हलवली. "आता माळ पहिल्यापासून घ्यावी लागणार," असं माझ्याकडे बघून म्हणाली आणि मेरुमणी चाचपू लागली.

पुढच्या रविवारी सुतार आला. माप बायकोनं दिलं.