तंबाखूचा हात

आमच्या पडवीत सासऱ्यांची खाट आहे आणि खाटेखाली तुपाचा जुना डबा. त्यात ते थुंकतात. तळाशी राख, वर तपकिरी लगदा, कडेला माश्या. रोज सकाळी चहाच्या आधी सासूबाई तो डबा उकिरड्यावर रिकामा करायच्या, विसळायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. लग्न होऊन कळंबहून पिंपरी पेंढारला आले तेव्हा पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि किळस आली. अजून येते. सवयीनं किळस मरते म्हणतात, ते साफ खोटं आहे.

एकदा मीच डबा उचलायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. "तू नको. तुला न्हाई जमायचं." त्यांचे गुडघे गेलेत, वाकताना भिंत धरावी लागते. यातून त्या कधी सुटणार, एवढंच मला पाहायचं होतं. तंबाखू सोडा म्हणून दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं. सासरे सगळं ऐकून घ्यायचे आणि तंबाखूला चुना लावायचे.

टोमॅटोचा मात्र त्यांना भारी लळा. हायब्रीड बियाणं दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. शेडनेटमध्ये ट्रेच्या खळग्यांत नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरून एकेक बी स्वतः टाकतात. मल्चिंगच्या कागदातल्या भोकात रोप बसवताना माती अशी हळू दाबतात, जशी तान्ह्या बाळाची टाळू भरावी. ठिबकातून खत सोडायचं तेही थोडं थोडं. "एकदम खाऊ घातलं का झाडाचं पोट बिघडतं," असं मला बजावतात. मध्येच तळहातावर तंबाखू मळायची, वाफ्याच्या कडेला पिंक टाकायची आणि त्याच बोटांनी झाडाच्या पानांच्या बगलेतली फूट खुडायची. ते बघून माझी टोमॅटो खायची इच्छाच गेली.

यंदा लागवडीनंतर काही आठवड्यांनी पानांवर फिकट-गडद चट्टे दिसू लागले, शेंडे चुरगळले. सासऱ्यांनी खत वाढवलं, काही फरक पडला नाही. मग रोपवाटिकेचा माणूस आला. आम्ही बायकांनी खुडलेल्या ओळी चांगल्या होत्या, सासऱ्यांच्या तेवढ्या बिघडलेल्या. त्यानं सासऱ्यांचा तळहात बघितला.

"काका, तंबाखूतनं हा रोग येतो. फूट खुडता खुडता तुमीच तो पुढं नेला. ही झाडं उपटा. हितनं पुढं हात साबणानं धुवायचे, दुधात बुडवायचे, त्यानं रोग पसरत न्हाई, मगच झाडाला लावायचे. आन् प्लॉटात तंबाखू बंद."

मला वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी वाकून पहिलं झाड उपटलं. दुसऱ्या दिवशी तंबाखूची पिशवी फळीवर ठेवली आणि मोरीपाशी हात पुढे करून उभे राहिले. सासूबाईंनी साबण दिला, मग पातेल्यातलं दूध त्यांच्या हातांवर ओतलं. नातवासाठी ठेवलेलं दूध होतं ते. सकाळभर माणूस तंबाखूशिवाय राबला. दुपारी घरी आले, खाटेवर बसले, त्याच दुधाच्या हातांनी तंबाखू मळली आणि पायानं डबा जवळ ओढला. मला त्या डब्यापेक्षा त्या पायाची शिसारी आली.

पुढच्या सकाळी चहा झाला तरी डबा खाटेखालीच.

"अगं, डबा राहिला," सासरे म्हणाले.

सासूबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"झाडास्नी चालत न्हाई, ते मला बी चालत न्हाई."

सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. ऊन चढलं तसा पडवीत वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या. सासूबाईंनी सूप उचलून परसात नेलं. शेवटी सासरे उठले, डबा अंगापासून लांब धरला आणि उकिरड्याकडे निघाले. दुसऱ्या हातानं त्यांनी उपरणं नाकाला लावलं होतं.