रिकाम्या टोपलीतले शंख

पडदा वर जातो तेव्हा सोर बेटाच्या दक्षिण काठावर नुकतं उजाडलेलं आहे. रंगाऱ्यांच्या हौदांतून कुजका दर्प उठतोय. पायांखाली फोडलेल्या काटेरी शंखांचा खच, आणि त्या खचावर टोपली विणत बसलेली अरिशत.

या शंखांतल्या जिवापासून निघणाऱ्या रंगानं तिची बोटं जांभळी. तीस वर्षं धुऊनही जांभळीच. बाजारात बायका म्हणत, "अगं, तू मागून येतेस, तुझा वास आधी पोचतो!" त्यावर ही म्हणे, "राजाच्या झग्याचाही हाच वास गं, पण तिथं नाक कोण मुरडतंय?" अशी तोंडाळ बाई आज मात्र मान खाली घालून नुसती विणतेय. तिचा मुलगा बोदो शंख धरायला आमिष बांधलेल्या टोपल्या समुद्रात सोडायचा, खडकांत बुड्या मारायचा. सहा दिवसांमागे वादळात त्याची होडी उलटी मिळाली, तो नाही. "पलीकडे सीदोनच्या किनाऱ्याला लागला असेल," ती सांगे, आणि त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवी.

एवढ्यात तिचा दीर हिमिल्क टोपली घेऊन धावत आला. "वहिनी, मेल्कार्तदेव पावला! दुभंग्या खडकापाशी बघा काय लागलंय!" टोपली शंखांनी गच्च, बाहेरूनही लगडलेली. रंगारी गोळा झाले. कुणी शीळ घातली.

"आमिष काय बांधलं होतंत, भावजी?"

"कसलं आमिष? दुसऱ्यानं बळकावू नये म्हणून जागा धरायला काल रिकामीच सोडली होती."

अरिशतचा हात थांबला. शंखातला हा जीव मांसावर जगतो. शिंपल्याला भोक पाडून आतलं शोषतो, आणि मेलेल्याचा वास लांबून हेरतो. रिकाम्या टोपलीकडे तो ढुंकूनही बघत नाही. एवढे जमले म्हणजे खाली आधीच पंगत बसली होती.

हिमिल्कच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "मोठा मासा मेला असेल, वहिनी."

"असेल," ती म्हणाली, आणि अख्खी टोपली तिनं पाण्यात उपडी केली.

"अगं बाई, राजाचं कापड रंगाविना अडलंय!" रंगारी ओरडले. तिनं वळूनही पाहिलं नाही. दिराला होडीत बसवलं आणि दुभंग्या खडकाकडे वल्हवायला लावलं.

त्या क्षणासाठी लोकांनी पुढं तिच्या तोंडी शाप घातले, देवाला घातलेली हाक घातली. मीही त्यांच्यात असतो तर एखादं लांबलचक भाषण घातलं असतं. पण होडीत दोघंच होती, आणि हिमिल्क शपथेवर सांगे की ती एवढंच म्हणाली:

"दोर माझ्या कमरेला बांधा, भावजी. अन् मी ओढ दिल्याशिवाय वर घेऊ नका."